भाव चुकला की चटणी चुकते

मावशी, नमस्कार. मी वाळवा तालुक्यातली. लॉकडाऊनच्या वर्षी मालकांचं काम सुटलं, तेव्हापासून सासूबाई आणि मी कांदा-लसूण चटणी करून विकतो. दहा किलोच्या एका खेपेला सामान 3,900 रुपयांचं लागतं. देठ काढताना, वाळवताना जे वजन जातं ते यात धरलंय. 480 रुपये किलोनं विकतो, म्हणजे खेपेमागं 900 सुटतात. आता पुण्याचे एक व्यापारी महिन्याला 100 किलो न्यायला तयार आहेत, पण भाव 400 आणि पैसे तीन महिन्यांनी. परवडत नाही म्हटल्यावर म्हणाले, मीठ थोडं वाढवा, खोबरं-खसखस कमी करा, हॉटेलात कुणाला कळतंय. धाकटे दीर म्हणतात, चांगली चटणी गावातल्या गिऱ्हाइकाला द्या, हलकी पुण्याला पाठवा. इकडं गावात उधारी 23,400 वर गेलीय, त्यातली निम्मी भावकीतली. मागायला जीभ उचलत नाही. सगळे म्हणतात, धंद्यात इतकं सरळ राहून भागत नाही. खरंच भागत नाही का?

ता. क. मिरची-मसाला कांडायला डंकावर अख्खा दिवस मोडतो. सामान तिथं ठेवून घरी आलं तर चालेल का, की बसूनच राहावं?

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, आणि तिसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घेऊन बसले. देठाची आणि वाळवणाची घट तुम्ही धरलीय हे वाचून बरं वाटलं. चार-चार वर्षं धंदा केलेल्या बायकाही ती विसरतात. पण त्याच्या पुढचा हिशेब तुम्ही अर्ध्यावर सोडलाय. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या राहिलेल्या अर्ध्यात आहे, म्हणून आधी तेवढं पुरं करू.

खेपेमागं 900 सुटतात म्हणता. कांडपाचे पैसे कुठं गेले? तुमच्या भागात किलोला 40 धरले तरी दहा किलोचे 400 झाले. कांदा तळायला, खोबरं, तीळ, धणे भाजायला गॅस लागतो, त्याचे 150 धरा. पिशव्या आणि लेबलं, आणखी 150. हे 700 त्या 900 मधून काढा. राहिले 200. आता हे दोनशे कुणाचे? तुम्ही दोघी दोन दिवस राबता. मिरची निवडणं, देठ खुडणं, कांदा चिरून उन्हात घालणं, लसूण सोलणं, एकेक जिन्नस वेगळा भाजणं, डंकावर जाणं, आल्यावर तेल लावून कालवणं. दोघींचे मिळून चार रोज झाले. म्हणजे रोजाला 50 रुपये पडले, ताई. तुमच्याच गावात खुरपणीला बाई बोलवायची तर 300 च्या खाली कुणी येत नसेल.

सासूबाईंच्या कामाचे पैसे तुम्ही कधी धरलेच नाहीत, आणि स्वतःचे तर नाहीतच. घरच्या बाईच्या हाताला मोल नसतं असं आपल्याला कुणी तोंडानं सांगत नाही, पण हिशेबाच्या वहीत आपणच तसं लिहून ठेवतो. चार रोजांचे 1,200 धरा. किलोमागं 120 आले. सामान 390, कांडप-गॅस-पिशवी 70, मजुरी 120. तुमची चटणी घरात पडते 580 रुपयांना, आणि तुम्ही ती 480 ला विकताय. दर किलोमागं आपले शंभर रुपये घालून तुम्ही गिऱ्हाइकाला जेवू घालताय.

हे एवढं आधी का सांगितलं? कारण मीठ वाढवायचा सल्ला अशाच वहीत शिरतो. भाव बरोबर असता तर पुण्याच्या व्यापाऱ्याला तुम्ही जागेवर नाही म्हटलं असतं आणि मला पत्र लिहायची वेळ आली नसती. आधी भाव चुकतो. मग महिनाभर राबूनही हातात काही उरत नाही. मग माणूस चिडचिडं होतं, आणि अशा वेळी कुणी कानात सांगतं की थोडं मीठ वाढव. वाईट नियतीनं भेसळीला सुरुवात केलेली माणसं मी फार थोडी पाहिली. चुकलेल्या भावापायी केलेली पुष्कळ पाहिली. त्यांच्यात मीही होते.

गडहिंग्लजला आमचा डंक होता, 26 वर्षं मी तो चालवला. फेब्रुवारी उजाडला की पहाटे पाचपासून बायका डबे, पोती घेऊन रांगेत बसायच्या. माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणत असू, त्यांचा एक नियम होता. कांडायच्या आधी वजन, कांडल्यावर वजन, दोन्ही चिठ्ठीवर लिहून गिऱ्हाइकाच्या हातात. आणि एक खेप संपली की उखळाच्या कडेला, चाळणीच्या जाळीत जे अडकलेलं असतं ते ब्रशनं झाडून त्याच बाईच्या डब्यात टाकायचं. त्याला पाच-सात मिनिटं जातात. मूठ-दोन मूठ निघते.

आत्याबाई गेल्या आणि डंक माझ्या हातात आला. वीज महागली, पण शेजारच्या डंकवाल्यानं भाव वाढवला नाही म्हणून मीही वाढवला नाही. मग मी वेळ वाचवायला लागले. ब्रश फिरवायचा तो चार खेपांनंतर एकदा. त्यात निघालेलं कुणाचं म्हणून कुणाला देणार? एका डब्यात टाकत गेले. मे संपेपर्यंत त्या डब्यात चौदा किलो चटणी झाली. वीस-पंचवीस घरांची, वीस-पंचवीस चवींची. ती मी एका खानावळीला विकली. त्या पैशांत विजेचं बिल भागलं आणि मला वाटलं, सुटले.

पुढच्या हंगामात एक शिक्षिका आल्या. दरवर्षी आठ किलो घेऊन यायच्या आणि डबा ठेवून शाळेला निघून जायच्या. आमच्या धंद्यात याहून मोठा मान नाही, कारण बाकी साऱ्या जणी डंकाशेजारून हलत नाहीत. त्या दिवशी त्यांना शाळेला सुट्टी होती म्हणून त्या बसल्या. कोपऱ्यातल्या डब्याकडं त्यांचं लक्ष गेलं. झाकण उघडंच होतं. उठून त्यांनी चिमूटभर तळहातावर घेतलं, अंगठ्यानं चोळलं, वास घेतला. मला काही म्हणाल्या नाहीत. चटणी घेतली, पैसे दिले, चिठ्ठी मागितली. चिठ्ठी द्यायची मी कधीच बंद केली होती. त्यानंतर त्या आल्या नाहीत, आणि त्यांच्या गल्लीतल्या सहा जणीही आल्या नाहीत. भांडल्या असत्या तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. त्या गेल्याच.

दुसऱ्या आठवड्यात मी कांडपाचा भाव किलोला दोन रुपयांनी वाढवला आणि वर पाटी लावली की वजन दोन्ही वेळा करून मिळेल. काही बायका शेजारी गेल्या. त्यातल्या बऱ्याच जणी जूनच्या आत परत आल्या, कारण पाटीवर लिहिलेलं त्यांना तिथं मिळेना. ते दोन रुपये दोन वर्षं आधी वाढवले असते तर तो डबा भरलाच नसता, हे मला आजही टोचतं.

आता तुमचे व्यापारी. 100 किलो म्हणजे महिन्याला दहा खेपा, म्हणजे दोघींचे मिळून चाळीस रोज. तुमचा नुसता खर्चच किलोला 460 आहे. 400 नं दिलंत तर महिन्याला 6,000 पदरचे जातील आणि चाळीस रोज फुकट. शिवाय पैसे तीन महिन्यांनी, म्हणजे पहिला रुपया हातात यायच्या आत तुमचे 1,38,000 त्यांच्याकडं अडकलेले असतील. एवढं भांडवल आहे का घरात? आणि मीठ वाढवून, खोबरं कमी करून 460 चे 400 केलेत, तरी मजुरी शून्यच राहते. म्हणजे इमान घालवून वर पदरात काहीच पडत नाही. मोठी ऑर्डर म्हणून हुरळून जाऊ नका.

मिठाचंही बोलू. मीठ किलोला वीस-पंचवीस रुपये आणि खसखस हजाराच्या वर, तेव्हा मोह कशाचा होतो ते मला माहीत आहे. पण हॉटेलात कळत नाही हे खोटं आहे. आचाऱ्याचा हात ठरलेला असतो. त्यानं नेहमीएवढी चटणी आणि नेहमीएवढं मीठ टाकलं की रस्सा खारट होतो. खोबरं कमी पडलं की कट येत नाही, रस्सा वरून फिका दिसतो. मग तो कट यावा म्हणून कुणीतरी रंग सुचवतं. मसाल्यात वरून रंग घालायला कायद्यानं बंदी आहे, आणि पाकिटावर तुमचा चौदा आकडी अन्न नोंदणी क्रमांक असतो. व्यापारी फोन बंद करून मोकळा होईल, निरीक्षक येईल तो तुमच्या दारात. शिवाय पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायचे असतात. मीठ वाढवलंत तर यादीतही ते वर चढवून लिहायला हवं. तशी यादी छापायला तुमचा हात धजेल का, एवढंच स्वतःला विचारा.

दिरांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. तेही घरासाठीच बोलतायत. दोन प्रतींचा माल करायचा मार्ग पुष्कळांना सुचतो. लिज्जतच्या बायकांनाही सुचला होता. 15 मार्च 1959 ला गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, तेव्हा त्या एक चांगला आणि एक हलका, स्वस्त पापड करत. त्यांचे मार्गदर्शक छगनलाल पारेख, सारे त्यांना छगनबाप्पा म्हणत, त्यांनी सांगितलं की एकच प्रत करा, दर्जाला धक्का लावू नका आणि हिशेब चोख ठेवा. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून त्यांनी चार महिने काम बंद ठेवलं. पुढच्या वर्षी खाट आणली, वर पापड पसरले आणि खाली शेगडी ठेवली. दर्जा आणि हिशेब ही दोन्ही छगनबाप्पांनी एकदमच सांगितली. मला वाटतं, एक सोडून दुसरं सांभाळता येत नाही हे त्यांना ठाऊक होतं.

पण स्वस्त माल करणं हेच पाप, असं मात्र मी म्हणणार नाही. खसखस नसलेली, खोबरं कमी असलेली चटणी तुम्ही वेगळ्या नावानं, वेगळ्या लेबलानं, घटक खरे लिहून विकलीत तर त्यात लपवण्यासारखं काय आहे? हॉटेलवाल्यांना पुष्कळदा खोबरं कमीच हवं असतं, खवट लवकर होत नाही म्हणून. फक्त तिचाही भाव असाच पुरा काढा, मजुरी धरून. आणि घरच्या चटणीच्या नावाखाली ती जाऊ देऊ नका.

व्यापाऱ्यांना निरोप असा द्या: पहिली खेप वीस किलो, भाव 580 च्या वर, अर्धे पैसे आधी आणि अर्धे माल पोचल्यावर. ते बहुतेक नाही म्हणतील. म्हणू द्या. कधीतरी दुसरा कुणी हो म्हणेल, तेव्हा हाताशी असावं म्हणून लहान धंद्याची सरकारी नोंदणी, तिला उद्यम नोंदणी म्हणतात, ती आत्ताच करून घ्या. आधार क्रमांकावर सरकारी संकेतस्थळावर होते आणि फुकट होते. त्यासाठी हजार-दोन हजार मागणाऱ्या एजंटाला दारात उभं करू नका. माल तयार करणाऱ्या लहान उद्योगाला 2006 च्या कायद्याचा आधार आहे. लेखी करार असला तरी पैसे द्यायची मुदत 45 दिवसांपुढं नेता येत नाही, करार नसला तर 15 दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीनं. आणि 1 एप्रिल 2024 पासून, मुदतीत न दिलेले पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाहीत, त्यामुळं मोठे खरेदीदार थोडे बिचकतात. तक्रारीला सरकारी पोर्टल आहे, पुढं असे तंटे ऐकणारी परिषद आहे. तरीही माझं मत विचाराल तर कायदा पाठीशी ठेवा पण त्याच्या भरवशावर माल सोडू नका. खेटे घालायला तुमच्याकडं वेळ कुठंय?

उधारीकडं येते. तुमच्या आजच्या भावात किलोमागं वीस रुपये सुटतात. 23,400 म्हणजे 1,170 किलो चटणीचा नफा, ताई. एवढी चटणी तुम्ही दोघींनी आजवर केलीय का, बघा आठवून.

मागायला जीभ उचलत नाही हे मी समजू शकते. भावकीत रोज तोंड दिसतं, सुख-दुःखाला तीच माणसं येतात. पण आपण न मागितल्यानं नातं टिकतं हे खरं नाही. ज्याच्याकडं पैसे राहिलेत तोच आपल्याला बघून वाट बदलतो. माझा अनुभव असा की बरीचशी उधारी बुडवायची म्हणून राहत नाही, आपण चुकीच्या दिवशी जातो म्हणून राहते. तुमच्या भागात दूध संघाचं बिल दर दहा दिवसांनी होतं. ज्या घरी दुभतं आहे तिथं बिलाच्या दिवशी संध्याकाळी जा. ज्यांचा नुसता ऊस आहे त्यांना कारखान्याचं बिल जमा झालं की. वही हातात घेऊन जा आणि पैसे द्या असं म्हणायच्या आधी म्हणा, 'वही नवी करतेय वहिनी, तुमचा आकडा एकदा बघून घ्या.' बाई आकडा बघते, कधी म्हणते की एक किलो जास्त लिहिलाय. भांडू नका, खोडा. तेवढ्यात अर्धे तरी हातात पडतात. जी दोन-तीन घरं खरोखर अडचणीत आहेत, नवरा अंथरुणाला आहे, काही आहे, त्यांचं तुम्हाला आधीच माहीत असतं. तिथं सासूबाईंना विचारून आकडा काटून टाका आणि त्या घरी तसं सांगून या. मनातल्या मनात सोडलेल्या उधारीचा त्यांच्या डोक्यावरचा भार उतरत नाही.

इथून पुढं उधार एकाच गोष्टीचं ठेवा, तुमच्या मजुरीचं. भावकीतल्या, शेजारच्या बायकांना सांगा की सामान तुमचं आणा, मी करून देते, किलोला इतकी मजुरी. मजुरीचे 120, गॅस आणि कांडप वेगळं. एकदा मिरची-खोबरं-खसखस स्वतःच्या पैशानं आणली की चटणी महाग का, हा प्रश्न कुणी विचारत नाही. तुमचं भांडवलही अडकत नाही. गडहिंग्लजला कितीतरी जणी हंगामभर एवढंच काम करतात आणि त्यांची वही कोरी असते.

भाव वाढवायचा तो हंगाम सुरू व्हायच्या आधी, एकदाच. दर महिन्याला दहा-दहा रुपये वाढवत गेलात तर प्रत्येक वेळी तीच कटकट. 600 सांगा. जुन्या गिऱ्हाइकाला हिशेबाचं पान दाखवायची लाज बाळगू नका. 390 सामान, 70 वरखर्च, 120 दोन बायकांची मजुरी, राहिलेले वीस सांडलं-लवंडलं आणि जाण्या-येण्याला. ते पान बघून जी बाई 'एवढी मजुरी कशाला' म्हणेल तिचं गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. काही जणी जातील हे धरूनच चाला. पहिले दोन महिने जड जातील, तेव्हा डब्यातल्या पैशातून किराणा आणू नका, चटणीचं खातं बँकेत वेगळं काढा.

आणि पहिल्या खेपेचे पैसे आले की त्यातले 600 सासूबाईंच्या हातात द्या. घरखर्चात धरू नका, रोख द्या. त्या नको म्हणतील, तरी द्या.

ता. क. चं उत्तर. डंकावर बसून राहा. तुमचा डंकवाला चांगला असेलही, पण हंगामात त्याचा हात घाईचा असतो, हे मी त्या बाजूला उभी राहून सांगतेय. आधीचं आणि नंतरचं वजन मागून घ्या, आणि घरून एक स्वच्छ ब्रश घेऊन जा. शेवटी चाळणी झाडून द्या म्हटलंत तर तो रागावणार नाही. आणि रागावला, तर पुढच्या खेपेला दुसरा डंक बघा.

तुमची मावशी